जुळी बाळं ‘कशी निघतील’ हे आधी किती सांगता येतं?

केज तालुक्यातल्या एका भावानं विचारलं आहे. बहीण चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. सासर जालन्याकडं, सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आणली. पोटात जुळं, रिपोर्टावर ‘मोनोकोरिऑनिक डायअ‍ॅम्निऑटिक’ लिहिलेलं. वजनं 22व्या आठवड्यात 470 आणि 400 ग्रॅम, 26व्यात 860 आणि 640, 28व्यात 1150 आणि 820. शेवटच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, लहान बाळाच्या नाळेपुढं शेरा आहे: ‘इंटरमिटंट अ‍ॅबसेंट एंड डायस्टोलिक फ्लो’. एक डॉक्टर म्हणाले, लहानाचा भरवसा धरू नका. दुसरे म्हणाले, काहीच सांगता येत नाही. भावाचा प्रश्न असा, की एवढ्या मशिनी असून बाळं कशी निघतील हे कुणी नक्की का सांगत नाही, आणि एखादी तपासणी करायची राहिली आहे का?

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे. गरोदरपण सांभाळतात स्त्रीरोगतज्ज्ञ, मला बोलावतात ते बाळं बाहेर यायच्या बेतात असताना. पण अशा जुळ्यांत मला आधी बोलावलेलं बरं असतं, कारण ‘कशी निघतील’चं उत्तर शेवटी आमच्या वॉर्डात द्यावं लागतं. म्हणून माझ्या बाजूनं सांगते.

आधी एक दिलासा. तुम्ही तीन रिपोर्टांतली वजनं एका कागदावर ओळीनं लिहून पाठवलीत, हे काम निम्मे नातेवाईक करत नाहीत. प्रत्येक जण फक्त ताजा रिपोर्ट नाचवत येतो. जुळ्यांत एका रिपोर्टाला फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो दोन रिपोर्टांमध्ये काय बदललं त्याला.

‘मोनोकोरिऑनिक’ म्हणजे दोघांची वार एकच. ‘डायअ‍ॅम्निऑटिक’ म्हणजे पिशव्या मात्र दोन. जुळ्यांच्या भवितव्याबद्दल आयुष्यात एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली, तर मी वजन विचारणार नाही, वार एक की दोन हे विचारीन. आणि ते नीट कळतं 11 ते 14 आठवड्यांत. तेव्हा दोन पिशव्यांमधला पडदा वारेला कुठं मिळतो ते स्पष्ट दिसतं: तिथं वारेचा त्रिकोणी कोंब आत शिरलेला दिसला तर वारा दोन, आणि पडदा इंग्रजी ‘टी’सारखा सरळ येऊन टेकला तर वार एक. पुढं बाळं वाढली, जागा दाटली, की हाच शोध अंदाजपंचे होतो. तुमच्या बहिणीचा बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट सासरी आहे असं तुम्ही लिहिलंय. तो मागवून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तरी चालेल. ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या बाबतीत तर हा एक कागद जवळजवळ नेहमीच हरवलेला असतो; पहिली सोनोग्राफी कारखान्याकडं कुठंतरी झालेली, आणि माघारी येईस्तोवर सहावा-सातवा महिना लागलेला.

वार एक असली की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेवर एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथून तीन वेगवेगळे घोटाळे होऊ शकतात. एका बाळाचं रक्त हळूहळू दुसऱ्याकडं वाहत जातं, देणाऱ्याच्या पिशवीतलं पाणी आटतं आणि घेणाऱ्याचं वाढतं, हा पहिला. एका वारेच्या जुळ्यांत साधारण 10 ते 15 टक्क्यांना होतो. त्यावर 16 ते 26 आठवड्यांच्या दरम्यान दुर्बिणीतून लेझरनं त्या वाहिन्या बंद करतात, आणि त्यासाठी आपल्याकडच्या पेशंटला हैदराबाद-मुंबईसारखं मोठं शहर गाठावं लागतं. तुमच्या रिपोर्टात पाण्याचे कप्पे 5.8 आणि 2.6 सेंटिमीटर आहेत, दोघांचे मूत्राशय दिसताहेत. देणाऱ्याचं 2च्या खाली आणि घेणाऱ्याचं 8च्या वर गेलं तर या घोटाळ्याचं नाव घेतात. म्हणजे आज तरी तो नाही. दुसरा घोटाळा पाण्यात दिसतच नाही: एक बाळ फिकं पडत जातं, दुसऱ्याचं रक्त दाट होतं. तो ओळखायला दोघांच्या मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजावा लागतो. तुमच्या तिन्ही रिपोर्टांत तो आकडा नाही. ‘एखादी तपासणी राहिली आहे का’ याचं उत्तर हेच. पुढच्या वेळी ‘एमसीए पीएसव्ही दोघांचा’ एवढं चिठ्ठीवर लिहून न्या.

तिसरा घोटाळा तुमचा आहे. वारेची वाटणी असमान झाली आहे. वजनातला फरक काढायची रीत सोपी: मोठ्यातून लहान वजा करा, मोठ्यानं भागा. 22व्या आठवड्यात 15 टक्के, 26व्यात साडेपंचवीसच्या आसपास, 28व्यात पावणेएकोणतीस. 25च्या पुढं गेलं आणि लहानाचं वजन आठवड्यांच्या मानानं फारच कमी असलं, की एका बाळाची वाढ खुंटली असं आम्ही म्हणतो. पण त्याच कागदावर आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हाला कुणी दाखवलेली दिसत नाही. दोन आठवड्यांत मोठं 290 ग्रॅम वाढलं, लहान 180 ग्रॅम. लहान मागं पडतंय, पण थांबलेलं नाही. माझ्यासाठी 28.7 टक्क्यांपेक्षा हे 180 ग्रॅम मोठे आहेत.

त्यालाही एक ‘पण’ आहे. सोनोग्राफीचं वजन म्हणजे तराजू नव्हे. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्रानं काढलेला तो अंदाज. 10-15 टक्के इकडंतिकडं सहज होतो. 820 म्हटलेलं बाळ 700 भरू शकतं, 940ही भरू शकतं. दोन जुळ्यांचे हातपाय एकमेकांत अडकलेले असताना तर आणखीच. म्हणून पुढची सोनोग्राफी त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडं. आणि आठवड्याला वजन मोजायचा हट्ट करू नका. दोन वजनांत निदान दोन आठवडे हवेत, नाहीतर आपण वाढ मोजत नसून चूक मोजत असतो.

आता तो शेरा, ज्यावरून दोन डॉक्टरांची दोन तोंडं झाली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाळाचं रक्त नाळेतून वारेकडं जातं. डॉप्लरच्या पडद्यावर ते ओळीनं उभ्या डोंगरांसारखं दिसतं. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढं सरकत राहिलं पाहिजे, म्हणजे दोन डोंगरांमधली दरी भरलेली दिसली पाहिजे. 2007 साली स्पेनमधल्या ग्राताकोस यांच्या गटानं एका वारेच्या अशा जुळ्यांचे याच दरीवरून तीन प्रकार पाडले, आणि आजही जगभर तेच वापरतात. पहिल्यात दरी कायम भरलेली. यात 90 टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात. दुसऱ्यात ती कायम रिकामी किंवा उलटी. हा कठीण, पण यात बिघाड बहुधा टप्प्याटप्प्यानं होतो, डॉप्लरवर आधी सुगावा लागतो. तिसऱ्यात, म्हणजे तुमच्यात, दोन-तीन लाटा भरलेल्या येतात, मग एकीची दरी रिकामी, मग पुन्हा भरलेली. नवख्या माणसाला वाटतं बाळ हललं, आलेख बिघडला. प्रोब हलवून तो ‘चांगला’ आलेख शोधतो आणि तोच छापतो. तुमच्या सोनोलॉजिस्टनं तसं न करता शेरा लिहिला, त्यांचे आभार माना.

असं का होतं? एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी आहेत असं समजा. वाटणीत थोरल्याला बरंच पाणी आलं, धाकट्याला थोडं. पण दोघांच्या पाइपांना जोडणारा एक जाड पाइप मध्येच आहे. तिसऱ्या प्रकारात वारेवर दोघांच्या धमन्यांना जोडणारी अशी जाड वाहिनी असते. दोन हृदयांचे ठोके एका तालात नसतात, म्हणून थोरल्याची लाट कधी धाकट्याच्या लाटेवर समोरून येऊन आदळते, आणि दरी रिकामी दिसते. या जोडणीमुळंच धाकटं एवढ्याशा वाट्यावर तग धरून असतं, थोरल्याचं रक्त त्याला मिळत राहतं. आणि या जोडणीमुळंच धोकाही असतो. धाकट्याचा रक्तदाब कधी अचानक कोसळला, तर थोरल्याचं रक्त त्या पाइपातून एकदम तिकडं ओढलं जातं.

म्हणून तिसऱ्या प्रकाराबद्दल छापील माहिती अशी आहे: लहान बाळ पोटातच अचानक जाण्याची शक्यता 10 ते 20 टक्के, आणि ते आदल्या दिवशीचा डॉप्लर ठीक असतानाही होऊ शकतं. मोठ्या बाळाच्या मेंदूला इजा होण्याची शक्यता 20 टक्क्यांपर्यंत. हे वाचून छातीत धस्स होईल, पण उलट बाजूनं वाचा: 100पैकी 80हून जास्त वेळा लहान बाळ पोटात दगावत नाही. ‘काहीच सांगता येत नाही’ म्हणणारे डॉक्टर तुम्हाला टाळत नव्हते. या प्रकारात घटका-घटकांचा अंदाज खरोखरच बांधता येत नाही. फक्त नेमकं काय सांगता येत नाही आणि काय येतं, एवढं त्यांनी उलगडून सांगायला हवं होतं.

आणि ‘लहानाचा भरवसा धरू नका’ हे वाक्य मीही एकदा म्हटलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, असंच एका वारेचं जुळं. बाहेर हातात नातू घ्यायला आलेल्या आजोबांना मी सांगितलं, मोठं बाळ बिनघोर, लहानाचं बघू. लहानानं दोन दिवसांत ऑक्सिजन सोडला आणि बोंडल्यानं दूध प्यायला लागलं. मोठ्याच्या डोक्याच्या सोनोग्राफीत तिसऱ्या दिवशी मेंदूतली इजा दिसली, जी बहुधा पोटातच होऊन गेलेली होती. वजनावरून मी जगणं-मरणं वाटून टाकलं होतं. तेव्हापासून ‘मोठं’ आणि ‘बिनघोर’ हे शब्द मी एका दमात बोलत नाही.

आमच्या बाजूनं बघितलं तर बाळाचं पुढं कसं होईल याचा सगळ्यात मोठा धागा म्हणजे ते किती आठवड्यांचं जन्मलं. वजन त्याच्या मागं. 1200 ग्रॅमची दोन बाळं माझ्यासमोर शेजारी ठेवली, एक 28 आठवड्यांचं आणि एक वाढ खुंटलेलं 33 आठवड्यांचं, तर दोघांचं वजन एक असूनही आजार वेगळे. पहिल्याच्या फुफ्फुसात फुगा टिकत नाही, श्वासाचं मशीन, सर्फॅक्टंट (फुफ्फुस उघडं ठेवणारं औषध), मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. दुसरं हडकुळं, म्हाताऱ्यासारख्या कपाळावर आठ्या पडलेलं, पण डोळे उघडून बघतं. त्याची साखर घसरते, अंग गार पडतं, रक्त दाट असतं. दुसऱ्याला सांभाळणं मला कितीतरी सोपं जातं. तुमच्या बहिणीची पाळीची तारीख पक्की आहे का, हे मी त्यासाठीच विचारते. पहिल्या सोनोग्राफीतली लांबी आणि तारीख जुळत नसेल, तर ‘28 आठवडे’ हा आकडाच डळमळीत होतो, आणि त्यावर बांधलेलं सगळंच.

यावर संगणकी हिशेबही निघाले आहेत. 2008 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून 22 ते 25 आठवड्यांच्या बाळांसाठी एक गणित आलं. त्यात पाचच गोष्टी भरायच्या: आठवडे, वजन, एकटं की जुळं, आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली का, आणि मुलगा की मुलगी. इंजेक्शनं मिळालेली असणं, एकटं असणं, 100 ग्रॅम जास्त असणं, यांतल्या प्रत्येकाचा फायदा साधारण एक आठवडा जास्त पोटात राहिल्याइतका निघाला. तेवढाच फायदा मुलगी असण्याचाही निघाला. (आमच्या भागात हे वाक्य चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवावंसं वाटतं. गर्भलिंग आम्ही सांगत नाही आणि तुम्ही विचारायचं नाही, 1994चा कायदा आहे. तरी ‘लहान कोणतं, पोरगं की पोरगी’ हे आडून विचारणारे भेटतातच.) पण ते गणित तिथल्या दवाखान्यांतलं, तिथल्या नर्सिंगचं. आणि तुमची वेळ टळली आहे, 28 ओलांडलेत, म्हणून ते तुम्हाला लागूही नाही. तुमच्या बाळांच्या बाबतीत सहावी गोष्ट भारी पडते, जी त्या गणितात नाही: ती कुठं जन्मतील.

हे जरा ठासून सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण माहेर म्हणजे गावातला दवाखाना असं धरू नका. केजहून अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. लातूर, संभाजीनगर त्यापुढं. बाळ पोटात असताना आईला नेणं आणि जन्मलेलं 800 ग्रॅमचं बाळ पेटीत घालून नेणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 108 कितीही वेळेवर आली तरी त्या तासाभरात बाळ गार पडतं, साखर उतरते, आणि त्याची किंमत मेंदू मोजतो. म्हणून आत्ताच, कळा नसताना, दवाखाना ठरवा. तिथं जाऊन विचारा: एका वेळी दोन व्हेंटिलेटर मोकळे असतात का, 1 किलोच्या आतली बाळं सांभाळतात का, रात्री बालरोगतज्ज्ञ दवाखान्यात असतात की फोनवर, सिझेरियनच्या वेळी दोन बाळांना दोन स्वतंत्र माणसं मिळतील का. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार मोफत आहे, 2011पासून तशी योजना आहे; पैशाकरता उशीर करू नका.

बाळं कधी काढायची हा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा. एका वारेचं साधं जुळं असतं तर 36-37 आठवड्यांपर्यंत थांबले असते. तिसऱ्या प्रकारात बहुतेक जण 32 ते 34च्या दरम्यान बेत धरतात. म्हणजे पोटातला प्रत्येक जादा आठवडा आम्हाला हवा असतो, आणि प्रत्येक जादा आठवड्याला तो अचानकचा धोकाही अंगावर असतो. तोवर आठवड्याला एकदा तरी डॉप्लर. फुफ्फुसाची, म्हणजे तीच स्टिरॉइडची, इंजेक्शनं ‘आत्ताच देऊन टाका’ म्हणून मागं लागू नका. ती पुढच्या सात दिवसांत बाळंतपण होणार असं वाटलं की द्यायची असतात. आज देऊन ठेवली आणि बाळंतपण महिन्यानं झालं, तर खरा फायदा हातचा गेला. 32च्या आधी काढायची वेळ आली तर मॅग्नेशियमचं इंजेक्शनही मागून घ्या, बाळाच्या मेंदूसाठी असतं.

अवघड प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात आहे. लहान पोटातच गेलं तर? एका वारेत अशा वेळी दुसरं बाळ दगावण्याची शक्यता साधारण 15 टक्के आणि त्याच्या मेंदूला इजा होण्याची सुमारे 25 टक्के. ती इजा त्या क्षणीच झालेली असते. म्हणून घाबरून त्याच रात्री सिझेरियन केल्यानं ती टळत नाही, उलट वाचलेल्या बाळावर अपुऱ्या दिवसांचं ओझं पडतं. तेव्हा दवाखान्यात भरती करून मोठ्याच्या मेंदूतल्या धमनीचा वेग बघतात, आणि चार-सहा आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय. तेव्हा घरात आरडाओरडा करून डॉक्टरांना घाईला लावू नका, एवढंच.

बहिणीला दुप्पट खायला घालून लहान वाढेल असं आई म्हणत असतील, तर त्यांना प्रेमानं थांबवा. पाणी कितीही उपसलं तरी वाटणीचा पाट बदलत नाही. तिचं हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर मात्र बघा. कुठल्याही बाळाची हालचाल मंदावली, पोट घट्ट व्हायला लागलं, पाणी गेलं, डोकं सारखं दुखलं, तर वाट बघायची नाही.

जन्मल्यावर मी काय बघते तेही सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा गोंधळ होणार नाही. पाच मिनिटांचा अपगार गुण, म्हणजे जन्मल्यावर बाळाचे ठोके, श्वास, रंग बघून दिलेला गुण, कमी आला म्हणून रडू नका. बाळ पुढं शाळेत कसं निघेल हे सांगायला तो बनलेलाच नाही. पहिल्या तासात अंगाचं तापमान आणि साखर. दोघांचं हिमोग्लोबिन एकाच वेळी, शेजारी लिहून. पहिल्या तीन दिवसांत डोक्याची सोनोग्राफी, कारण कमी दिवसांच्या बाळांत मेंदूतले बहुतेक रक्तस्राव याच काळात होतात. मग दूध पचतंय का. ‘ए’ आणि ‘बी’ची मात्र खात्री करून घ्या: सोनोग्राफीत खाली असलेलं बाळ ‘ए’, पण सिझेरियनमध्ये आधी हाताला दुसरंच लागू शकतं. मी कागदावर नेहमी ‘पोटातलं लहान’ असं शब्दांत लिहायला लावते.

बाळ स्थिर झालं की छातीला लावून ठेवायचं, कांगारूसारखं. आई दोघांना पुरणार नाही तेव्हा तुम्ही आणि मेहुणे शर्ट काढून बसा. पुरुषाच्या छातीची ऊबही तितकीच चालते, आमच्या वॉर्डात लाजणारे बाप दुसऱ्या दिवशी बाळ खाली ठेवायला तयार नसतात.

आणि डोळे. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पडद्याची तपासणी चौथ्या आठवड्यापर्यंत व्हायलाच हवी. 28 आठवड्यांच्या किंवा 1200 ग्रॅमच्या आतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. तुमचं लहान या दुसऱ्या गटात येण्याची शक्यता मोठी आहे. तोवर तुम्ही घरी गेलेला असाल, बारसं ठरलेलं असेल, बाळ दूध पीत असेल, आणि तपासणी राहून जाईल. म्हणून बाळं जन्मली त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर दोन्ही तारखांना लाल खूण करा. तोपर्यंत कागदावर चौथी ओळ वाढवा: 30वा आठवडा, दोन वजनं, दोन धमन्यांचे वेग, आणि दरीबद्दलचा शेरा जसाच्या तसा. ती ओळ आली की पुन्हा लिहा.